तण, निंदण आणि मारण्याची गरज

विदर्भात शेतातले तण काढण्याला निंदण म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातला माणूस खुरपणी म्हणेल, पण नागपूर, वर्धा, यवतमाळकडच्या बाया वावरात 'निंदायला' जातात. शहरी कानाला या शब्दात निंदा ऐकू येते, मात्र त्याचे कूळ वेगळे आहे. पालीत तण कापून काढण्याला 'निद्दान' म्हणतात आणि आपले निंदण हे त्याच घरातले. सुत्तनिपातातल्या कसिभारद्वाज सुत्तात हा शब्द एका अनपेक्षित जागी भेटतो. मगधातल्या एकनाळा गावी पेरणीच्या दिवसांत पाचशे नांगर जुंपून बसलेला भारद्वाज नावाचा एक ब्राह्मण शेतकरी भिक्षेला आलेल्या बुद्धांना टोकतो: मी नांगरतो, पेरतो, मग खातो, तुम्हीही तसेच करा. बुद्ध म्हणतात, मीही शेतकरीच आहे. मग ते आपल्या शेतीचा सरंजाम सांगतात. त्यात श्रद्धा हे बी आहे, तप हा पाऊस आहे, प्रज्ञा हे जू आणि नांगर आहे. या यादीत निंदणाच्या जागी त्यांनी सत्य ठेवले आहे. असे का, याचे उत्तर ज्याने कपाशीच्या तासात निंदणारी बाई नीट पाहिली आहे त्याला लगेच सापडेल. उकिडवी बसलेली ती डाव्या हाताने पऱ्हाटी बाजूला करते, उजव्या हातातल्या खुरप्याच्या टोकाने केना बुडासकट उचलते, कारण त्याचा पेराएवढा तुकडा ओल्या मातीत राहिला तरी तो पुन्हा मुळे धरतो; लव्हाळ्याचे नुसते पान तोडून उपयोग नाही, खाली गाठ आहे हे तिला ठाऊक असते; आणि चिवळ किंवा तांदुळजा दिसला तर तो धुऱ्यावर न फेकता ओटीत टाकते. म्हणजे हात चालण्याआधी डोळा चाललेला असतो. जे आहे ते जसे आहे तसे ओळखायचे आणि मग काढायचे, या क्रमामुळेच निंदणाला सत्याची जागा मिळाली असावी.

आज त्याच तासांतून पाठीवर पंप घेतलेला माणूस जातो, नोझलला हूड लावलेले असते, आणि आठवड्याभराचे निंदण अर्ध्या दिवसात उरकते. यावरची आपली चर्चा बहुधा दोन अंगांनी होते: याने कॅन्सर होतो का, आणि हे परवडते का. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला माणसात बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकले, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तो निष्कर्ष मानला नाही, आणि तो वाद प्रयोगशाळांत आणि कोर्टांत चालू आहे. पण समजा, उद्या असे तणनाशक निघाले की जे माणसाला पाण्याइतके निर्धोक आणि मिठाइतके स्वस्त आहे. मग धर्माला विचारायला काही उरते का? माझ्या मते उरते, आणि तोच प्रश्न मला इथे घ्यायचा आहे. तण मारणे ही हिंसा आहे का, असली तर शेतकऱ्याने तिचे काय करायचे, आणि खुरप्याने मारणे व रसायनाने मारणे यांत फरक असलाच तर तो नेमका कुठे आहे.

आपल्या धर्मपरंपरांनी शेतीतल्या हिंसेला दिलेले पहिले उत्तर अंतर राखण्याचे होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मण-क्षत्रियांना सांगितले आहे की आपत्काळी वैश्यवृत्तीवर जगायची वेळ आली तरी शेती टाळा, कारण लोखंडी तोंडाचा नांगर भूमीला आणि तिच्यातल्या जिवांना मारतो. बौद्ध विनयातही भिक्खूला जमीन खणायला आणि झाडेझुडपे तोडायला मनाई आहे. या नियमांमागची करुणा खोटी म्हणता येणार नाही, पण दोन्हीकडचा भात कोणीतरी पिकवलेलाच होता. खाणाऱ्याचे ताट शुद्ध राहिले आणि नांगराखाली मेलेल्या गांडुळाचे पाप कष्टकऱ्याच्या नावावर चढले. भारद्वाजाचा टोमणा आपण समजतो त्यापेक्षा बराच खरा होता. आजचे शहरी पर्यावरणप्रेमही कधी कधी याच वाटेने जाते: विषमुक्त ज्वारी मॉलमधून आणायची आणि पंपवाल्याला अडाणी म्हणायचे.

दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे, आणि गंमत म्हणजे तेही मनुस्मृतीतच, तिसऱ्या अध्यायात सापडते. गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने असतात असे तिथे म्हटले आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांत रोज जीव मरतात, म्हणून रोज पाच यज्ञ करून त्याची फेड करायची. यज्ञांचा तपशील आज बाजूला ठेवू. जातिव्यवस्थेचा हा ग्रंथ नागपुरात आधार म्हणून घेण्याचा तर प्रश्नच नाही. पण यातली एक कल्पना ग्रंथाच्या बाहेर काढून ठेवण्यासारखी आहे. टाळता न येणारी हिंसा इथे नाकारलेली नाही, आणि तिच्यासाठी घर सोडायलाही सांगितलेले नाही. तिला कर्ज म्हणून वहीत लिहिले आहे. जैन आचार्यांनीही श्रावकासाठी असाच मार्ग काढला. हिंसेचे त्यांनी चार प्रकार केले: मारायच्याच हेतूने केलेली संकल्पी, घरकामातली आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यातली उद्योगी आणि स्वसंरक्षणातली विरोधी. गृहस्थाने पूर्णपणे सोडायची ती फक्त संकल्पी. उरलेल्या तीन कमी करत जायच्या.

या सगळ्याला सर्वात नेमके शब्द दिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या वर्षी, त्यांच्या निधनानंतर, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेची चर्चा करताना त्यांनी दोन भेद केले आहेत. एक म्हणजे नियम आणि तत्त्व यांतला. नियम एक तर तुम्हाला मोडतो किंवा तुम्ही त्याला मोडता. तत्त्व मात्र वागायला मोकळीक देते. बुद्धाची अहिंसा त्यांच्या मते तत्त्व होती. दुसरा भेद मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला: गरजेपोटी मारणे बुद्धाने निषिद्ध ठरवले नाही, निषिद्ध ठरवले ते केवळ इच्छेपोटी मारणे. बाबासाहेब हे माणसांविषयी आणि प्राण्यांविषयी बोलत होते, हराळीविषयी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही तणनाशकाच्या प्रश्नावर यापेक्षा चांगली कसोटी मला सापडलेली नाही. हत्यार लोखंडाचे की रसायनाचे हे ती विचारत नाही. मारणाऱ्याने गरज पाहिली का, एवढेच ती विचारते. आणि पाहणे म्हणजे पुन्हा निंदणच.

आता ही कसोटी वावरात नेऊ. विदर्भातली काळी जमीन पाणी धरते, हे तिचे वैभव आणि हीच तिची अडचण. कपाशी उगवून तीन आठवडे होतात न होतात तोच जुलैत झड लागते. आठ-आठ, दहा-दहा दिवस वाफसा येत नाही. डवऱ्याला जुंपलेल्या बैलाचा पाय ढोपरापर्यंत रुततो, बाईच्या खुरप्याला चिखलाचा गोळा चिकटतो. त्या दहा दिवसांत गवत वितभर चढते आणि दोन-चार पानांची पऱ्हाटी त्यात दिसेनाशी होते. 'तण खाई धन' ही म्हण अशाच एखाद्या झडीत जन्मली असणार. धर्मग्रंथांनाही तणाचे कौतुक नाही. धम्मपदाच्या तृष्णावर्गात शेताला तण जसे बिघडवते तसे माणसाला राग, द्वेष आणि मोह बिघडवतात असा दाखला दिला आहे. अशा वेळी शेतकऱ्याने पहिली उघाड मिळताच गवतवर्गीय तणासाठी क्विझालोफॉप किंवा रुंद पानांच्या तणासाठी पायरिथिओबॅक फवारले, तर त्याला हिंसक म्हणणाऱ्याने आधी ते वावर पाहून यावे. ही गरज आहे, आणि ती डोळ्यांनी पाहिलेली गरज आहे. नागपूरपासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामात आश्रम चालवणाऱ्या गांधींनीही 1946 मध्ये, पिकाची नासधूस करणाऱ्या माकडांच्या वादात, शेतकऱ्यावर अव्यवहार्य अहिंसा लादायला नकार दिला होता. त्यांना शिव्या देणारी पत्रेही तेव्हा आली.

गरज इथे संपते आणि दुसरेच काही सुरू होते ते बियाण्याच्या पाकिटात. ग्लायफोसेट हे हिरवे दिसेल ते मारणारे रसायन. झाडाला काही अमिनो आम्ले बनवण्यासाठी लागणारे एक एन्झाइम ते अडवते. पान आठवड्याभरात पिवळे पडते आणि मर मुळापर्यंत उतरते. ते 1974 मध्ये बाजारात आले तेव्हा उभ्या पिकात वापरता येत नव्हते, कारण पीकही मेले असते. पुढे जनुक बदलून ते सहन करणारी पिके आली. भारतात बोंडअळीविरोधी बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला मिळाली नाही, तरी त्याचे बी विदर्भात पोहोचले. गावात त्याला 'चोर बीटी' म्हणतात. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहागीर येथे, शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य हवे ही संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्यापासूनची भूमिका, आणि तिच्यात तथ्य आहे: ज्याच्या अंगावर कर्ज चढते त्याच्या बियाण्याचा निर्णय दिल्लीतल्या समितीने वर्षानुवर्षे अडवून ठेवावा, याचे समर्थन सोपे नाही. पण निवडायचे स्वातंत्र्य मागणे आणि काय निवडावे हे ठरवणे ही दोन कामे आहेत. पहिल्याच्या भरात दुसरे राहून गेले.

हे बी घेताना शेतकरी नेमके काय ठरवतो ते पाहा. मे महिन्यात, जमीन तापलेली असताना, एकही तण उगवलेले नसताना तो ठरवतो की कपाशीखेरीज जे जे हिरवे उगवेल ते मारायचे. पाऊस कसा होईल, झड लागेल की उघाड राहील, तण किती येईल, कुठले येईल, डवऱ्याला वाफसा मिळेल की नाही, यांतले काहीच त्याला ठाऊक नसते. गरज अजून जन्मलेलीच नाही, मारण्याचा निर्णय मात्र झालेला आहे. बाबासाहेबांच्या भेदात याला गरज म्हणता येणार नाही. जैन परिभाषेत सांगायचे तर उद्योगी हिंसा इथे गुपचूप संकल्पी होते, आणि संकल्प करणाऱ्यालाही ते कळत नाही, कारण त्याच्या मनात द्वेष नसतो, फक्त सोय असते. आणि त्या निर्णयात पहिली जाते ती तूर. आपल्याकडे कपाशीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ घालण्याची रीत जुनी आहे. कपाशी फसली तरी तूर हाती लागते, घरची डाळ घरची राहते. धुऱ्याकडेला अंबाडी असते, बरबटी असते. ग्लायफोसेट तूर ओळखत नाही. म्हणून चोर बीटीच्या वावरात तूर पेरायचीच नाही, असे ठरते. ज्या रसायनासाठी धान्याला तणाच्या यादीत जावे लागते, त्याला तणनाशक हे नाव तरी कितपत शोभते? उगवणीआधीच मारायच्या पेंडीमिथॅलिनसारख्या औषधाबाबत माझी कसोटी थोडी डळमळते, हे कबूल करतो. तिथेही तण दिसण्याआधी निर्णय होतो. पण तो शेतकऱ्याने गेल्या चार वर्षांत आपल्याच वावरात काय उगवले ते पाहून घेतलेला असू शकतो, आणि मुगाला, तुरीला जागा ठेवून घेता येतो. त्या पाहण्याला मी अर्धे का होईना गुण देईन.

यावर सर्वात मोठा आक्षेप निंदणाऱ्या बाईच्या बाजूने येतो. निंदणात सत्य आहे, दृष्टी आहे, वगैरे म्हणणाऱ्याची पाठ कधी वाकलेली नसते. आषाढ-श्रावणात दिवसभर ओल्या मातीत उकिडवे सरकायचे, पायाची बोटे चिखलाने कुजवायची, ओले लुगडे अंगावरच वाळवायचे आणि पुन्हा ओले करायचे, आणि संध्याकाळी पुरुषाच्या रोजीपेक्षा कमी रोजी घ्यायची. या बाया बहुतेक दलित, आदिवासी आणि लहान इतर मागास जातींतल्या. खुरप्याचे गुणगान हे त्यांच्या कण्यावर उभे राहून केलेले गुणगान आहे, असे कोणी म्हटले तर मला राग येणार नाही, लाज वाटेल. ज्या बाबासाहेबांचा आधार मी घेतला त्यांनी खेड्याचे आणि तिथल्या श्रमांचे गोडवे गायले नव्हते. खेडे सोडा असे ते सांगत होते. मग एखाद्या यंत्राने किंवा रसायनाने हे वाकणे थांबत असेल तर धम्माच्या दृष्टीने तेच पुण्य नाही का?

आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. वाकलेली पाठ ही साधना नसते, आणि ती टिकवण्यासाठी तणनाशकाला विरोध करणे हा अधर्मच होईल. पण दुसऱ्या भागात एक गाळलेली पायरी आहे. पंप आला की बाईची पाठ सरळ होते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सरळ होण्याआधी तिची रोजी जाते. फवारणी पुरुषाचे काम मानले जाते आणि अनेक ठिकाणी त्याचे पैसे पंपांवर मोजले जातात. निंदणाचे दोन-अडीच महिने हा भूमिहीन घरातल्या बाईच्या हाती स्वतःचा पैसा येण्याचा काळ. वेचणीपर्यंत मध्ये फारसे काही नसते. वाचलेल्या मजुरीतला रुपया तिच्याकडे कुठल्याच वाटेने परत जात नाही. तो औषधाच्या डब्यात जातो, बियाण्याच्या पाकिटात जातो, थोडा शेतकऱ्याच्या खिशात राहतो, आणि तोही बिचारा कर्जबाजारीच असतो. शिवाय तिची भाजी जाते. पहिल्या पावसात उगवणारा कोवळा तरोटा, चिवळ, माठ, धुऱ्यावरचे बकरीचे गवत यांना सातबाऱ्यावर नोंद नसते, पण गावातल्या ज्या घराचा सातबाराच नाही त्याचे जेवण त्यावर चालते. म्हणून श्रममुक्तीचा युक्तिवाद मी नाकारत नाही, तो अर्धवट सोडला जातो अशी माझी तक्रार आहे. चाकाचे हातकोळपे, लहान पॉवर वीडर, उभ्याने चालवायची अवजारे यांनीही पाठ सरळ होते आणि डोळा शाबूत राहतो. संशोधनाचा आणि अनुदानाचा ओघ तिकडे का वळत नाही हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. नागपुरात 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि त्याच शहरात दीक्षाभूमी आहे. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या वाटा एकमेकींना भेटत नाहीत.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. गवताला वेदना होत नाहीत, मग हिंसा कसली, असे विचारले जाते. मीही गवताच्या दुःखावर काही उभे करत नाही. तणाचे नैतिक वजन त्याच्या स्वतःच्या वेदनेत नसेल, पण त्याच्यावर जगणाऱ्यांत आहे: वर सांगितलेल्या बकरीत, बाईत, फुलावरच्या मधमाशीत, मातीतल्या जीवाणूत. ग्लायफोसेट जे एन्झाइम अडवते ते प्राण्यांत नसते, हे त्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. पण ते कितीतरी जीवाणूंत आणि बुरशींत असते, हे तितक्या वेळा सांगितले जात नाही. आणि तण म्हणजे कोण, हेही कुठे ठरलेले आहे? वावरातली हराळी तीच गणपतीपुढची दूर्वा. आघाडा पत्रीत लागतो, लव्हाळ्याची गाठ वैद्याच्या दुकानात नागरमोथा म्हणून विकली जाते. गाजरगवत मात्र कोणाच्याच कामाचे नाही, 1950च्या दशकात पुण्यात दिसले आणि देशभर पसरले. त्याच्याविषयी माझ्या मनात करुणा कमी आहे हे लपवत नाही. तण ही वनस्पतीची जात नसून तिच्या जागेविषयीचा आपला निर्णय आहे, आणि निर्णय म्हटला की तो कोणी, केव्हा, काय पाहून घेतला हे विचारावेच लागते.

नांगरही मारतोच, किंबहुना तणनाशकापेक्षा जास्त मारतो, हा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. तो खरा आहे. कोल्हापूरकडचे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेतीचा पुरस्कार केला आणि 'तण देई धन' म्हणत जुनी म्हण उलटवली. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत जमीन न उलटता जुन्या पिकाची मुळे मातीतच कुजू दिली जातात, आणि तणाला आवरायला तणनाशक चालते. तिथे गांडुळे वाढतात, माती धुपत नाही. रसायन म्हटले की नाक मुरडणाऱ्याला हे उदाहरण अडचणीचे आहे. मला ते अडचणीचे वाटत नाही, कारण तिथे मेलेले तण मातीला परत केले जाते. पाच वधस्थानांच्या हिशेबातली फेड ती हीच. उलट, काहीही न फवारता दर उन्हाळ्यात ट्रॅक्टरने हातभर खोल नांगरून, पऱ्हाटी धुऱ्यावर जाळून टाकणारा शेतकरी सेंद्रिय असूनही कर्ज बुडवणारा ठरू शकतो.

आणि फेड हा शब्द आला की तणनाशकाच्या खऱ्या दोषाजवळ आपण पोहोचतो. त्याच्या हिशेबात कर्ज एकाच्या नावावर निघते आणि फेडतो दुसरा. गहू-ज्वारीत रुंद पानाच्या तणासाठी कोणी 2,4-डी मारले, वारा जरा फिरला, तर शेजारच्या कपाशीची पाने आवळून बोटांसारखी अरुंद होतात. कपाशी या रसायनाला अतिशय हळवी आहे. नुकसान शेजाऱ्याचे, आणि बांधावरच्या भांडणाला कुठलाच कागद नाही. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेले तर त्याला उतारा नाही. युरोपीय संघात 2007 पासून त्यावर बंदी आहे, आपल्याकडे ते विकले जाते. ग्लायफोसेटला आपल्या कायद्याने जागा दिली ती चहाच्या मळ्यांत आणि पीक नसलेल्या जमिनीत. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने आणखी बंधन घालून ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांकडून वापरावे असे ठरवले. विदर्भात चहाचा मळा नाही. मग इथे खपणारे ग्लायफोसेट कुठल्या मळ्यावर पडते, हे सगळ्यांना माहीत असते. चोरून घेतलेल्या बियाण्याला पावती नसते, फसले तर दाद नसते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. दोहोंची सरमिसळ करून मला मुद्दा जिंकायचा नाही. पण तेव्हा सर्वात आधी बोट गेले ते मास्क न लावणाऱ्या मजुराकडे, आणि पाठीवरच्या पंपाची ही रचनाच आहे. जो ठरवतो तो फवारत नाही, जो फवारतो तो ठरवत नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जियात याच वाटेचे पुढचे वळण दिसून चुकले आहे. तिथे तणनाशक सहन करणारा कापूस आला, सगळीकडे एकच औषध वर्षानुवर्षे मारले गेले, आणि आपल्या माठाचा सख्खा नातेवाईक म्हणावा असा पामर अमरंथ त्या औषधाला बधेनासा झाला. कमरेच्या वर वाढणारे ते झाड औषधाने मरेना, तेव्हा जगातल्या सर्वात यांत्रिक कापूसशेतीत मजूर लावून ते हाताने उपटावे लागले. निंदण पुन्हा आले, आधीपेक्षा महाग होऊन आले.

दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंच्या गर्दीत विदर्भातल्या निंदणाऱ्या बाया मोठ्या संख्येने असतात. तेव्हा निंदण आटोपलेले असते आणि वेचणी तोंडावर आलेली असते. त्यांच्याकडे एक ज्ञान आहे, जे कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर मिळत नाही: कुठल्या तासात काय उगवते, किती दिवसांत पिकाला गाठते, कुठले सोडले तरी चालते. म्हणून शेतकऱ्याला एवढीच विनंती आहे. बियाणे घेताना तुरीची ओळ मोजून घ्या. आणि पंप भरण्याआधी वावरातून एक चक्कर मारा, जी बाई त्या वावरात वर्षानुवर्षे निंदत आली आहे तिला सोबत न्या, कुठे मारायचे आणि कुठे नाही ते तिला विचारा, आणि त्या विचारण्याचीही तिला पूर्ण दिवसाची रोजी द्या.